बारीक अक्षरांतला ग्राहक

बँकेने आपल्याला पैसे द्यावेत, तेही ठेवीवरचं व्याज म्हणून नव्हे, नुसते आमच्याकडे आलात म्हणून, ही गोष्ट माझ्या पिढीला पचायला जड जाते. आपण बँकेत जायचं ते पासबुक भरून घ्यायला, आणि काउंटरपलीकडच्या माणसाने मान वर केली तर तेवढ्यावर खूश व्हायचं. ब्रिटनमध्ये मात्र बँका नव्या गिऱ्हाइकाला लग्नातल्या आहेरासारखी रक्कम देऊ करतात. कधी दीडशे पौंड, कधी पावणेदोनशे, कधी दोनशे. तुमचं रोजच्या वापराचं खातं दुसऱ्या बँकेतून आमच्याकडे हलवा, अमुक दिवसांत तुमच्या खात्यात रक्कम जमा करतो. तिथे या खात्याला करंट अकाउंट म्हणतात. व्यापाऱ्यांचं खातं ते हे नव्हे. पगार, घरभाडं, वीज, फोन, सगळा संसार याच्यातूनच वाहत असतो.

जाहिरातीत आकडा मोठ्या टायपात असतो आणि अटी खाली बारीक अक्षरांत. बहुतेक लोक अटींकडे कुंपण म्हणून बघतात: उडी मारता आली तर मारायची, नाहीतर परत फिरायचं. मला त्या वाचताना वेगळंच काही दिसतं. बँकेला कोण हवं आहे त्याचं ते व्यक्तिचित्र असतं. त्याचं वय, पगार, बिलं, हातातला फोन, मागच्या पाच-सात वर्षांतली त्याची वागणूक, सगळं त्यात आलेलं असतं. आपण अट वाचत नसतो, आपण त्या माणसासारखे आहोत की नाही हे बघत असतो.

पण आधी बँका पैसे का वाटतात ते बघू. २००८च्या पडझडीनंतर ब्रिटिश सरकारने बँकिंगचा विचार करायला एक स्वतंत्र आयोग नेमला. अर्थतज्ज्ञ जॉन व्हिकर्स त्याचे अध्यक्ष. सप्टेंबर २०११मध्ये त्याचा अंतिम अहवाल आला. त्यातल्या मोठ्या शिफारशींची चर्चा झाली ती बँकांच्या जोखमीबद्दल. पण एक साधी वाटणारी शिफारस अशी होती, की माणसाला आपलं खातं एका बँकेतून दुसरीकडे बिनत्रासाने नेता आलं पाहिजे. तोवर या कामाला कित्येक आठवडे लागत, आणि मधेच एखादं बिल चुकायचं. १६ सप्टेंबर २०१३ रोजी करंट अकाउंट स्विच सर्व्हिस सुरू झाली. नव्या बँकेला एकदा सांगायचं, तारीख ठरवायची, सात कामकाजाच्या दिवसांत सगळं हलतं. येणारा पगार, जाणारी बिलं, ठरलेल्या रकमा, सगळं. कोणी चुकून जुन्या खात्यावर पैसे पाठवले तर ते निदान तीन वर्षं आपोआप नव्याकडे वळतात. या कामात बँकेच्या चुकीमुळे व्याज किंवा दंड लागला तर तो ग्राहकाने भरायचा नाही, अशी लेखी हमी. आजवर एक कोटीहून अधिक खाती या वाटेने गेली आहेत.

आकडा मोठा वाटतो. पण २०१६ साली तिथल्या स्पर्धा आयोगाने बँकांचा सविस्तर तपास केला, तेव्हा वर्षाकाठी जेमतेम ३ टक्के लोक बँक बदलतात असं निघालं. रस्ता गुळगुळीत करून दिला तरी माणूस घरातून बाहेर पडत नाही. या न हलण्यावरच सगळा धंदा उभा आहे.

१९८४ साली मिडलंड बँकेने, खात्यात शिल्लक असेल तर कसलंही शुल्क घेणार नाही, असं जाहीर केलं, आणि बाकीच्यांना मागोमाग यावं लागलं. तेव्हापासून ब्रिटिश माणसाला बँक फुकट वाटते. ती फुकट कशी असेल? बहुतेक करंट अकाउंटवर व्याज मिळत नाही. ऑगस्ट २०२३पासून वर्षभर बँक ऑफ इंग्लंडचा दर ५.२५ टक्के होता. समजा, एखाद्याच्या खात्यात सरासरी दोन हजार पौंड नुसते पडून आहेत. बँक तेच पैसे बँक ऑफ इंग्लंडकडे ठेवून वर्षाला एकशे पाच पौंड कमावते. पावणेदोनशेचा आहेर वीस महिन्यांत वसूल. त्यानंतर तो माणूस पंधरा वर्षं तिथेच राहतो. कधी महिनाअखेरीला खातं उणे गेलं तर ओव्हरड्राफ्टचं व्याज वेगळं. २०२०मध्ये नियम बदलले तेव्हा अनेक बँकांनी ते ४० टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवलं. शिवाय उद्या घरासाठी कर्ज हवं झालं की माणूस आधी कोणाचं ॲप उघडतो? जिथे पगार येतो तिथलं.

म्हणजे ती रक्कम आपल्या येण्याची वाटते, पण बँक ती मोजते आपल्या नंतरच्या आळसासाठी. त्यात लबाडी नाही. हिशेब दोन्ही बाजूंना करता येतो, एवढंच की बँकेने तो आधीच केलेला असतो.

आता त्या व्यक्तिचित्राकडे. साधारण मसुदा असा असतो: खातं स्विच सर्व्हिसमधूनच, पूर्णपणे हलवलं पाहिजे, म्हणजे जुनं खातं बंद झालं पाहिजे. त्याच्याबरोबर किमान दोन चालू डायरेक्ट डेबिट आले पाहिजेत. ठरलेल्या दिवसांत हजार, साडेबाराशे किंवा दीड हजार पौंड जमा झाले पाहिजेत. फोनवर ॲप उतरवून एकदा तरी लॉगिन झालं पाहिजे. काही ठिकाणी कार्डाने थोडी खरेदीही. आणि अमुक तारखेनंतर तुम्ही आमच्याकडून असा लाभ घेतलेला नसला पाहिजे.

यातली डायरेक्ट डेबिटची अट मला सगळ्यात बोलकी वाटते. ब्रिटनमध्ये पैसे नियमाने जायचे दोन मार्ग आहेत. स्टँडिंग ऑर्डर म्हणजे मी ठरवायचं, किती आणि कधी, आणि माझ्या खात्यातून ढकलायचं. डायरेक्ट डेबिट म्हणजे समोरच्याने ओढून घ्यायचं. वीज कंपनी, फोन कंपनी, काउन्सिल म्हणजे तिथली नगरपालिका, त्यांच्या बिलाप्रमाणे. हा दुसरा प्रकार १९६४मध्ये युनिलिव्हरमध्ये काम करणाऱ्या ॲलस्टेअर हँटन यांच्या डोक्यातून निघाला, कारण आइस्क्रीम विकणाऱ्यांकडून वेळेवर वसुली होत नव्हती. वसुलीचा हा आइस्क्रीमी उपाय पुढे अख्ख्या देशाच्या घरखर्चाचा कणा झाला. आता बँक दोन डायरेक्ट डेबिट का मागते? ज्याच्या खात्याला वीज आणि काउन्सिल टॅक्स बांधलेला आहे तो माणूस सहज उठून जात नाही. नुसता पगार आला तर तो दुसऱ्या दिवशी वळवता येतो. बिलं बांधली गेली की खातं घर होतं. स्टँडिंग ऑर्डर दाखवून ही अट पुरी होत नाही, आणि नेमके इथेच बरेच लोक फसतात, कारण ॲपमध्ये दोन्ही एकाच यादीत शेजारीशेजारी दिसतात. ‘चालू’ हा शब्दही वाचावा. दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या जिमची, पैसे न जाणारी जुनी नोंद चालू धरली जात नाही.

दुसरी मेख दिवसांच्या मोजणीत असते. ‘३१ दिवसांत’ म्हणजे कुठल्या दिवसापासून? खातं उघडल्यापासून, अर्ज केल्यापासून, की स्विच पूर्ण झाल्यापासून? तिन्ही प्रकार असतात. स्विचचे सात दिवस कामकाजाचे, म्हणजे शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे वगळून. जमा करायचे ३१ दिवस मात्र बहुधा सरळ कॅलेंडरचे. एकाच कागदावर दोन घड्याळं चालतात. ख्रिसमसच्या तोंडावर स्विच लावला की हे नीट कळतं.

याचा काय परिणाम होतो ते मी आमच्या ओळखीच्या एका काकांच्या निमित्ताने बघितलं. सत्तरीच्या आसपासचे, आयुष्य इंग्लंडात गेलं, आता फक्त सरकारी पेन्शन. नवी पूर्ण पेन्शन २०२४-२५मध्ये आठवड्याला २२१ पौंड २० पेन्स होती, आणि ती दर चार आठवड्यांनी जमा होते: ८८४ पौंड ८० पेन्स. दीड हजाराची अट त्यात बसत नाही. पण जमा मिळून धरणार असतील आणि मुदत ६० दिवसांची असेल, तर दोन पेन्शनी सहज आत येतात. मुदत ३१ दिवसांची असेल तरी आशा आहे: पहिली पेन्शन पहिल्या तीन दिवसांत पडली, तर अठ्ठावीस दिवसांनंतरची दुसरी एकतिसाव्या दिवसाच्या आत येते. काकांना हे गणित भलतंच आवडलं. वही काढून त्यांनी तारखा लिहिल्या. मग ॲपच्या अटीपाशी आले आणि म्हणाले, “म्हणजे त्यांना मी नकोय. मी ज्यांच्याकडे आहे त्यांनाच मी हवाय.” काका स्वस्थ होते, तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र ते खटकलं. ॲपची अट बँकेला सोयीची आहे, शाखा चालवण्यापेक्षा फोन स्वस्त पडतो, हे कळतं; पण जे चित्रात बसत नाहीत त्यांना कोणी नकार देत नाही, ते फक्त न बोलावता बाजूला राहतात.

तिसरा प्रकार तारखेच्या अटीचा. ‘अमुक सालानंतर आमच्या समूहातून लाभ घेतलेला नसावा.’ समूह हा शब्द नजरेतून सुटतो. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड लॉइड्सच्या घरातल्या, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड नॅटवेस्टच्या, फर्स्ट डायरेक्ट एचएसबीसीची. पाट्या वेगळ्या, घर एक. आपल्याला वाटतं आपण नव्या दारात उभे आहोत, आणि आतल्या माणसाला आपण आठवतो. नवराबायकोंच्या संयुक्त खात्याचंही तसंच. एकाचं खातं दोघांच्या नावावर हलवता येतं, पण दोघांचं खातं एकट्याच्या नावावर पूर्ण स्विच करून नेता येत नाही. घटस्फोटाच्या वाटेवरच्या माणसाला ही अट फार वेगळी वाचायला लागते.

आणि मग आमची तरुण मंडळी. पुण्याहून रेडिंगला आलेला एक इंजिनिअर, गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत भेटला. गडी एकाच वर्षात बऱ्याच बँकांचे आहेर घेऊन बसलेला. त्याची पद्धत अशी: पगाराचं मुख्य खातं जागचं हलवायचं नाही. स्विचसाठी बाजूला एक बिनकामाचं खातं ठेवायचं. त्याला दोन किरकोळ डायरेक्ट डेबिट लावायचे, एखाद्या धर्मादाय संस्थेला महिन्याला पौंडभर वगैरे. मग ते खातं या बँकेतून त्या बँकेत पाठवत राहायचं, आणि तेच दीड हजार पौंड जमा करून दुसऱ्या दिवशी परत काढायचे.

मी म्हटलं, “अरे, पण त्यांचा उद्देश तुझा पगार यावा हा आहे ना?”

“काकू, अटीत ‘पगार’ कुठे लिहिलंय? ‘जमा’ लिहिलंय.”

यावर मी विचार केला, आणि तो बरोबर आहे असं माझं मत झालं. ते वाक्य बँकेच्या वकिलांनी लिहिलं, त्याने नाही. जिथे त्यांना फट बुजवायची असते तिथे ती बुजवतातच: ‘आमच्याच बँकेतल्या तुमच्या दुसऱ्या खात्यातून वळवलेली रक्कम धरली जाणार नाही’ हे वाक्य बघा. म्हणजे पैसे गोल फिरवणारे लोक असतात हे त्यांना माहीत आहे, किती फिरवू द्यायचं तेही ठरलेलं आहे. शंभरातले चार-पाच असे निघाले तरी बाकीच्यांच्या आळसातून ते भरून येतं. फक्त एवढंच, की ते पावणेदोनशे पौंड बँकेच्या तिजोरीतून आले असं त्याने समजू नये. ते आले काकांसारख्यांच्या बिनव्याजी शिल्लकीतून, आणि महिनाअखेर ओव्हरड्राफ्टमध्ये जाणाऱ्या एखाद्या सफाई कामगाराकडून. स्पर्धा आयोगाच्याच तपासात हेही दिसलं होतं, की बँक बदलून ज्यांचा जास्तीत जास्त फायदा होईल ते ओव्हरड्राफ्टवाले लोकच कमी हलतात. त्यांनी हलायचं ठरवलं तरी उणे रक्कम उचलायची की नाही हे नव्या बँकेच्या मर्जीवर. इंजिनिअरला मी हे सांगितलं नाही. प्रसादाच्या रांगेत सांगायची गोष्ट नव्हे, आणि त्याने न घेतल्याने सफाई कामगाराचं व्याज काही कमी होणार नव्हतं.

आपल्याकडे असं का नाही, असं घरी फोनवर कोणी ना कोणी विचारतंच. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय भारतभर २०११मध्ये झाली. खातं क्रमांक तोच ठेवून बँक बदलता यावी असं रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा २०१७मध्ये बोलले होते. तिथे आपली गाडी अडली. पण ब्रिटनमध्येही खात्याचा क्रमांक बदलतोच. बदलत नाही ते फक्त आपल्या मागे येणारे पैसे. हमी असेल तर नंबरची एवढी मातब्बरी उरत नाही.

अटींमध्ये जे लिहिलेलं नसतं त्याचीही एक यादी डोक्यात असावी लागते. स्विच सर्व्हिस डायरेक्ट डेबिट नेते, पण कार्डाचा नंबर देऊन लावलेल्या वर्गण्या, सिनेमाचं ॲप, वर्तमानपत्र, त्या नेत नाही. त्या जुन्या कार्डाबरोबर मरतात, आणि तीन आठवड्यांनी मेल येते की तुमचं पेमेंट झालं नाही. जुनं खातं बंद झालं की ऑनलाइन स्टेटमेंटही दिसेनाशी होतात. व्हिसाच्या किंवा कर्जाच्या अर्जाला सहा महिन्यांची स्टेटमेंट मागतात तेव्हा हे आठवतं. ती आधी उतरवून ठेवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवं खातं उघडताना बँक बहुधा आपली पत तपासते. त्या तपासणीची नोंद वर्षभर आपल्या फायलीत इतर सावकारांना दिसत राहते.

नागपूरकडची एक नर्स, एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, लागून थोडी वर्षं झालेली, मला हेच विचारायला आली होती. तिला पावणेदोनशेची जाहिरात दिसली होती. पगार भरपूर बसत होता, ॲप होतं, आधी कुठे लाभ घेतला नव्हता. चित्रात ती जवळजवळ पूर्ण बसत होती. अडत होतं एकाच ठिकाणी: भाड्याच्या खोलीत राहते, वीज-पाणी भाड्यातच, त्यामुळे डायरेक्ट डेबिट एकच, फोनचा. दुसरा कसा लावायचा एवढंच तिला हवं होतं, आणि ते पाच मिनिटांचं काम होतं.

मी विचारलं, “पुढच्या वर्षात काय काय करायचंय?”

“घर बघतोय ताई. मॉर्गेजवाल्याशी बोलणं चालूय.”

“त्याला विचारलंस का?”

विचारलं नव्हतं. तिची इंग्लंडातली पत अजून कोवळी, खात्याचं वय हेच त्यातलं भांडवल. ते बंद करून नवं उघडायचं आणि लगेच अडीच लाखांचं कर्ज मागायचं, यात पावणेदोनशे फार महाग पडू शकतात. मॉर्गेजवाल्यानेही फोनवर तेच सांगितलं: अर्ज मंजूर होईपर्यंत काही हलवू नका.

“मग घर झाल्यावर करू?” तिने विचारलं. ही योजना तोवर राहील याची खात्री नाही, अशा योजना कधीही मागे घेता येतात, तसं खाली लिहिलेलंच असतं. पण कोणाची ना कोणाची दुसरी असेल. आणि तेव्हा तिच्या नावावर मॉर्गेज असेल, काउन्सिल टॅक्स, पाणी, वीज, गॅस, घराचा विमा, सगळे डायरेक्ट डेबिट. आत्ता दुसरा कुठून आणू म्हणून ती विचारत होती. तेव्हा बँकाच तिला शोधत येतील.